मद्यार्काला खरें माप देणारा शास्त्रज्ञ : जोसेफ लुई गे-ल्युसॅक

बाजारांत दोन माणसांचें भांडण जुंपतें तें पुष्कळ वेळां मालावरून नव्हे, तर मापावरून. मुळशी खोऱ्यांतील आंबेमोहोर तांदूळ पायलीनें विकला जात असे, त्या काळीं पायली शीग लावून भरावयाची कीं काठावर हात फिरवून सपाट करावयाची, ह्या एका प्रश्नावरून घेणारा व देणारा हे दोघे हमरीतुमरीवर येऊं शकत. दोघेही सचोटीचे असले तरी वाद मिटत नसे. कारण प्रत्येकाच्या मनांतील पायली निराळी. अशा वादावर उपाय एकच, व तो म्हणजे दोघांसही मान्य होईल असें माप. तांदूळ निदान डोळ्यांस दिसतो. परंतु जो पदार्थ पाण्यांत पूर्णपणें मिसळून गेला आहे, ज्याला पाण्याहून वेगळा रंग नाहीं, त्याचें माप कसें घ्यावें? फळांचा रस आंबून जें मद्य होतें त्यांत मद्यार्क किती, हा असाच एक कठीण प्रश्न होता. जिभेला तो नीट सोडवितां येत नाहीं, व नाकालाही नाहीं.

हा प्रश्न ज्यानें निर्णायक रीतीनें सोडविला त्याचें नांव आपल्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. वायूंच्या नियमांच्या प्रकरणांत तें एक-दोन ओळींपुरतें येतें, आणि परीक्षा संपली कीं विसरलें जातें. परंतु ह्या पुरुषाचें चरित्र नियमापेक्षां मोठें आहे. खरें माप म्हणजे काय, तें घेण्यास किती कष्ट लागतात आणि तें जगापुढें मांडण्यास मनाचा किती प्रामाणिकपणा लागतो, हें शिकावयाचें असेल तर गे-ल्युसॅकच्या चरित्राहून चांगला धडा क्वचित् मिळेल.

जोसेफ लुई गे-ल्युसॅक ह्याचा जन्म ६ डिसेंबर १७७८ रोजीं फ्रान्सच्या मध्यभागांतील सें-लेओनार द नोब्ला ह्या लहानशा गांवीं झाला. त्याचे वडील अँत्वान गे हे कायदेपंडित असून राजाच्या न्यायखात्यांत अधिकारी होते. जवळच्या ल्युसॅक नांवाच्या वाडीवर ह्या घराण्याची मिळकत होती. गे ह्या आडनांवाचे इतर लोक असल्यामुळें वेगळेपणाची खूण म्हणून वडिलांनीं त्या वाडीचें नांव आडनांवास जोडलें. आपल्याकडे गांवाच्या नांवास ‘कर’ जोडून आडनांव करितात, त्यांतलाच हा प्रकार. मुलाचें पहिलें शिक्षण एका ख्रिस्ती धर्मगुरूच्या हाताखालीं झालें. पुढें १७८९ सालीं फ्रान्समध्यें राज्यक्रांति झाली. राजाच्या नोकरींत असलेल्या माणसांकडे संशयानें पाहिलें जाऊं लागलें, आणि १७९३ मध्यें गे-ल्युसॅकच्या वडिलांस तुरुंगवास घडला. त्या भयंकर दिवसांत कित्येकांचीं मस्तकें उडालीं. सुदैवानें वडील जिवंत सुटले. परंतु घरची पूर्वीची स्थिति पालटली होती.

असें असूनही वडिलांनीं मुलाला शिक्षणासाठीं पॅरिस शहरीं पाठविलें. तेथेंही सुख नव्हतें. धान्याची इतकी टंचाई होती कीं मुलांना जेवूं घालणें अशक्य होऊन त्याची एक वसतिशाळा बंद पडली, व त्याला दुसरीकडे आसरा शोधावा लागला. ह्या अडचणींतून वाट काढीत १७९७ च्या अखेरीस त्यानें ‘एकोल पोलितेक्निक’ ह्या नामांकित विद्यालयांत प्रवेश मिळविला. हें विद्यालय क्रांतीच्या काळांतच, १७९४ सालीं, स्थापन झालें होतें. तेथें परीक्षेंत दिसलेल्या गुणांवर प्रवेश मिळे, व विद्यार्थ्यास निर्वाहापुरतें वेतनही मिळत असे.

विद्यालयांतील शिक्षण संपल्यावर क्लोद बर्थोले ह्या विख्यात रसायनशास्त्रज्ञाचें लक्ष त्याच्याकडे गेलें. त्या प्रसंगाची हकीगत सांगण्यासारखी आहे. बर्थोलेनें त्याला कांहीं प्रयोग करावयास दिले. त्यांतून आपलें एक मत सिद्ध होईल अशी बर्थोलेची अपेक्षा होती. परंतु तरुण मदतनिसाचे आंकडे अगदीं उलट निघाले. दुसरा एखादा उमेदवार असता तर गुरूची मर्जी राखण्यासाठीं त्यानें आंकड्यांवरून हलकेच हात फिरविला असता. गे-ल्युसॅकनें जसे आले तसे आंकडे गुरूपुढें ठेवले. बर्थोलेही मोठ्या मनाचा माणूस. आपलें मत खोटें ठरलें ह्याचा त्याला विषाद वाटला नाहीं, उलट असा खरा माणूस हातीं लागला ह्याचा आनंदच झाला. त्यानें गे-ल्युसॅकला आर्कय येथील आपल्या घरीं व प्रयोगशाळेंत जागा दिली. ह्या घटनेंतच पुढील सर्व आयुष्याचें बीज आहे.

१८०२ सालीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, गे-ल्युसॅकनें आपलें पहिलें मोठें संशोधन प्रसिद्ध केलें. कोणताही वायु घ्या, दाब कायम ठेवून त्याला बर्फाच्या उष्णतामानापासून उकळत्या पाण्याच्या उष्णतामानापर्यंत तापविलें, तर सर्व वायु सारख्याच प्रमाणांत फुगतात, असें त्यानें दाखविलें. त्याच्या मोजणींत हें प्रसरण मूळ आकारमानाच्या तीन-अष्टमांश आलें. पुढें अधिक सूक्ष्म प्रयोगांनीं हा आंकडा किंचित् कमी ठरला, पण नियम टिकला. ह्या निबंधांत त्यानें एक गोष्ट मुद्दाम नमूद केली. झाक शार्ल नांवाच्या गृहस्थानें सुमारें पंधरा वर्षांपूर्वींच कांहीं वायूंच्या बाबतींत असें पाहिलें होतें, मात्र तें प्रसिद्ध केलें नव्हतें. गे-ल्युसॅक गप्प बसता तर शार्लचें नांव कदाचित् कोणास कळलेंही नसतें. त्यानें तें सांगितलें, म्हणून आज पुस्तकांत हा नियम शार्लच्या नांवानें ओळखला जातो. दुसऱ्याचा वांटा दुसऱ्याला देणें हेंही खऱ्या मापाचेंच एक अंग नव्हे काय?

त्यानंतरची गोष्ट साहसाची आहे. उंच आकाशांत हवेची घटना निराळी असते काय, लोहचुंबकाची शक्ति तेथें कमी होते काय, हे प्रश्न त्या वेळीं विद्वानांपुढें होते. २४ ऑगस्ट १८०४ रोजीं गे-ल्युसॅक व त्याचा सहकारी बिओ हे दोघे हायड्रोजनच्या विमानांतून, म्हणजे बलूनमधून, सुमारें चार हजार मीटर उंच गेले. तेवढ्यानें समाधान न होऊन १६ सप्टेंबर रोजीं गे-ल्युसॅक एकटाच पुन्हां वर गेला व ७०१६ मीटर उंचीवर पोहोंचला. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर आहे. त्याच्या चौपटीहूनही ही उंची अधिक. तेथें पारा शून्याखालीं साडेनऊ अंशांवर उतरला होता, श्वास घेणें अवघड झालें होतें, घसा कोरडा पडून अन्न गिळवत नव्हतें. तशा स्थितींतही त्यानें नोंदी केल्या व रिकाम्या केलेल्या भांड्यांत तेथील हवा भरून घेतली. खालीं येऊन तपासतां त्या हवेंत प्राणवायूचें प्रमाण जमिनीवरील हवेइतकेंच निघालें. आणखी वर जातां यावें म्हणून त्यानें टोपलींतील एक लांकडी खुर्ची खालीं फेकून दिली, व ती आकाशांतून पडलेली पाहून शेतांतील एक मुलगी व गांवकरी चकित झाले, अशी एक गमतीची गोष्ट त्याच्या मित्रांनीं लिहून ठेविली आहे. शेवटीं विमान उतरलें तें रूआं व दिएप ह्या शहरांच्या मधल्या प्रदेशांत. हा नॉर्मंडी प्रांत सफरचंदाच्या बागांसाठीं व त्या फळांच्या मद्यासाठीं प्रसिद्ध आहे.

१८०५ मध्यें हुम्बोल्ट ह्या जर्मन प्रवासी विद्वानाबरोबर प्रयोग करून त्यानें दाखविलें कीं, दोन माप हायड्रोजन व एक माप प्राणवायु एकत्र येऊन पाणी होतें. पुढें १८०८ च्या अखेरीस त्यानें वायूंच्या संयोगाचा आपला प्रसिद्ध नियम मांडला. वायु नेहमी साध्या पूर्णांकी मापांनीं एकमेकांशीं जुळतात, असा त्याचा आशय. येथें एक नवल आहे. दोन माप हायड्रोजन आणि एक माप प्राणवायु ह्यांची वाफ तीन मापें न होतां दोनच मापें होते. आकारमानांची बेरीज शाळेंतल्या बेरजेप्रमाणें होईलच असें नाहीं, ही गोष्ट पुढें मद्यार्काच्या कामांतही निराळ्या स्वरूपांत त्याच्यापुढें येणार होती.

त्याच सुमारास, पोटॅशियम धातूचे प्रयोग करीत असतां, स्फोट होऊन त्याच्या डोळ्यांस मोठी इजा झाली. दृष्टि वांचली, परंतु डोळे कायमचे नाजूक राहिले. १८०९ मध्यें त्यानें विवाह केला. त्याची पत्नी जनव्हिएव्ह रोझो ही गरिबीमुळें कापडाच्या एका दुकानांत काम करीत असे. गिऱ्हाईक नसतांना ती एक पुस्तक चोरून वाचीत असलेली त्यानें पाहिली. विचारतां तें रसायनशास्त्राचें निघालें! हा संसार जन्मभर सुखाचा झाला.

आतां आपण मूळ विषयाकडे वळूं. सफरचंदाचा रस पिळून ठेविला म्हणजे कांहीं दिवसांनीं तो फसफसूं लागतो, त्याची गोडी कमी होते, आणि त्यांत मादकता येते. ह्या पेयास सायडर म्हणतात. नॉर्मंडी व ब्रिटनी ह्या प्रांतांत शेतकरी घरोघर तें करीत. आपल्या कोंकणांत सकाळीं माडावरून उतरलेली गोड नीरा उन्हें चढतांच आंबून माडी होते, त्यांतलाच हा व्यापार. यीस्ट नांवाचे अतिसूक्ष्म जीव रसांतील साखर खातात आणि तिचे मुख्यतः दोन पदार्थ करितात : एक मद्यार्क, दुसरा कार्बन डायऑक्साइड वायु. फसफसणारे बुडबुडे ह्या वायूचे होत.

गे-ल्युसॅकच्या काळीं यीस्टच्या जिवंतपणाचा शोध लागावयाचा होता. १८१० मध्यें त्यानें पाहिलें कीं, उकळून हवाबंद केलेला द्राक्षांचा रस कित्येक महिने तसाच राहतो, पण त्याला हवा लागतांच तो आंबूं लागतो. ह्यावरून प्राणवायूनेंच आंबण्यास आरंभ होतो असा त्यानें तर्क केला. हा तर्क पुरता खरा नव्हता. हवेबरोबर सूक्ष्म जीव आंत जातात, हें पुढें पाश्चरनें दाखविलें. परंतु हिशोबाच्या बाबतींत गे-ल्युसॅकनें जें केलें तें टिकलें. १८१५ मध्यें त्यानें सांगितलें कीं, आंबतांना शंभर भार साखरेपासून सुमारें एक्कावन्न भार मद्यार्क व सुमारें एकोणपन्नास भार कार्बन डायऑक्साइड होतो. आजही वर्गांत फळ्यावर जें समीकरण लिहितात त्याच्या मुळाशीं हेंच प्रमाण आहे. पाश्चरनें नंतर दाखविलें कीं साखरेचा थोडा भाग, शेंकडा पांचांच्या आसपास, ग्लिसरीन इत्यादि दुसऱ्या पदार्थांकडे जातो. म्हणून प्रत्यक्षांत मद्यार्क थोडा कमीच मिळतो.

ह्या प्रमाणावरून घरीं केलेल्या सायडरचा हिशोब कसा मांडतां येतो तें पाहा. एक लिटर रसांत १०० ग्रॅम साखर होती व ती सर्व आंबली असें धरूं. मद्यार्क होईल सुमारें ५१ ग्रॅम. मद्यार्क पाण्याहून हलका; एक लिटर पाण्याचें वजन एक किलोग्रॅम, तर तितक्याच मद्यार्काचें सुमारें ७९० ग्रॅम. तेव्हां ५१ ग्रॅम मद्यार्काचें आकारमान सुमारें ६५ मिलिलिटर. म्हणजे सायडरमध्यें आकारमानानें शेंकडा साडेसहापर्यंत मद्यार्क. साखर किती संपली हें कळण्यास कांचेचा तरंगता कांटा पुरतो. रस गोड असतांना दाट असतो, कांटा वर राहतो. साखर संपून मद्यार्क झाला कीं रस पातळ होतो, कांटा खोल बुडतो. आरंभीं विशिष्ट गुरुत्व १.०५० होतें व शेवटीं १.००० झालें, तर ह्या दोन आंकड्यांतील फरकास १३१ नें गुणावें. उत्तर साडेसहाच येतें. मात्र ह्या रीतीस दोन्ही वेळचीं मापें हवींत. आरंभीचें माप घेतलेंच नसेल तर शेवटच्या एका आंकड्यावरून कांहींच ठरत नाहीं. कारण उरलेली साखर कांट्याला वर ढकलते, मद्यार्क त्याला खालीं नेतो, आणि दोघांच्या ओढाताणींत खरी गोष्ट लपून जाते.

परंतु सरकार आणि व्यापारी ह्यांच्यापुढें आरंभीचा रस नसे, तयार माल असे. द्राक्षमद्य किंवा सायडर भट्टींत गाळून जी कडक दारू काढीत, तिजवर फ्रान्समध्यें कर होता. पिंपांत मद्यार्क किती व पाणी किती, ह्यावर हजारों फ्रँकांचा फरक पडे. त्यासाठीं बोमे व कार्तिये ह्यांच्या नांवाचे कांटे वापरीत. पण त्यांवरील अंश मनमानी होते. अमुक अंश म्हणजे शेंकडा किती मद्यार्क, हें त्यावरून सरळ कळत नसे. शिवाय उन्हाळ्यांत एक आंकडा दिसे, हिवाळ्यांत दुसरा. व्यापारी म्हणे कर जास्त घेतला, अधिकारी म्हणे माल लपविला. पायलीचाच वाद, फक्त पिंपांतला.

कोणी म्हणेल, ह्यांत अवघड तें काय? पाण्यांत कांटा जेथें थांबतो तेथें शून्य लिहावें, शुद्ध मद्यार्कांत थांबतो तेथें शंभर लिहावें, आणि मधल्या जागेचे शंभर सारखे भाग करावे. येथेंच निसर्ग आपणांस चकवितो. एक पायली हरभऱ्यांत एक पायली तीळ मिसळून पाहा. दोन पायल्या भरत नाहींत, कारण तीळ हरभऱ्यांच्या फटींत शिरतात. पाणी व मद्यार्क ह्यांचेंही कांहींसें तसेंच आहे. पन्नास मापें पाणी व पन्नास मापें मद्यार्क एकत्र केलीं तर शंभर मापें होत नाहींत, सुमारें साडेशहाण्णव होतात. आणि ही तूट प्रत्येक मिश्रणांत निराळी. म्हणून मधल्या खुणा सारख्या अंतरावर पाडणें म्हणजे खोटें माप तयार करणें.

गे-ल्युसॅकनें आडवाट धरली नाहीं. निरनिराळ्या प्रमाणांचीं मिश्रणें काळजीपूर्वक तयार करून प्रत्येकाचें विशिष्ट गुरुत्व त्यानें मोजलें, आणि त्या आंकड्यांवरून खुणा पाडल्या. उष्णतामान १५ अंश शतमान असें ठरविलें. शुद्ध पाण्यास शून्य, शुद्ध मद्यार्कास शंभर. कांट्यावर ४० आलें कीं त्या द्रवाच्या शंभर मापांत मद्यार्काचीं चाळीस मापें. हिशोबाची गरज नाहीं, अर्थ लावण्याची गरज नाहीं. द्रव १५ अंशांहून उष्ण किंवा थंड असेल तर काय करावें, ह्यासाठीं त्यानें कोष्टकें करून दिलीं. द्रव तापला कीं विरळ होतो व कांटा अधिक बुडून खोटाच मोठा आंकडा दाखवितो. चाळिसाच्या आसपासच्या दारूंत दहा अंश उष्णतेनें हा आंकडा चारांच्या घरांत चुकतो. आपल्या पुण्याच्या चैत्र-वैशाखांत तर कोष्टकावांचून ह्या कांट्याचा काडीचाही उपयोग नाहीं. १८२४ सालीं ह्या उपकरणाची व कोष्टकांची माहिती देणारें पुस्तक प्रसिद्ध झालें, आणि त्याच वर्षींच्या कायद्यानें फ्रान्समध्यें दारूवरील कर तींत खरोखर असलेल्या मद्यार्कावर बसूं लागला. त्या दिवसापासून वाद मतांचा राहिला नाहीं.

सायडर किंवा द्राक्षमद्य ह्यांत साखर व इतर पदार्थ असतात, त्यामुळें हा कांटा त्यांत सरळ सोडून चालत नाहीं. त्यासाठीं नमुन्याचीं शंभर मापें लहान पात्रांत तापवून मद्यार्क सगळा वाफेबरोबर वर येईपर्यंत गाळावयाचीं, गाळलेल्या द्रवांत स्वच्छ पाणी घालून पुन्हां बरोबर शंभर मापें करावयाचीं, १५ अंशांवर आणावयाचीं, आणि मग कांटा सोडावयाचा. साखर मागें पात्रांत राहते. कांट्यापुढें फक्त मद्यार्क व पाणी उरतें. प्रश्न सोडविण्यापूर्वीं त्यांतला गोंधळ काढून टाकावा, हें ह्या कृतीचें मर्म आहे.

मोजण्याची हीच शिस्त गे-ल्युसॅकनें इतरत्रही लावली. १८२९ मध्यें तो सरकारी टांकसाळींत मुख्य पारखी झाला. रुप्याचा कस पाहण्याच्या जुन्या भट्टीच्या रीतींत कांहीं रुपें वायां जाऊन कस कमी दिसे. त्यानें रुपें तेजाबांत विरघळवून मिठाच्या मोजलेल्या पाण्यानें त्याचा कस काढण्याची रीत १८३२ मध्यें दिली. ती इतकी अचूक ठरली कीं देशोदेशींच्या टांकसाळींनीं ती उचलली. प्रयोगशाळेंत आपण ज्यांना ब्युरेट व पिपेट म्हणतों, तीं नांवेंही त्याच्याच १८२४ च्या एका निबंधांतून रूढ झालीं. गंधकाम्लाच्या कारखान्यांत वायां जाणारे नायट्रोजनचे वायु परत मिळविण्यासाठीं त्यानें सुचविलेला मनोरा त्याच्याच नांवानें ओळखला गेला. एवढा मोठा प्राध्यापक, परंतु मनाचा उल्हास लहान मुलासारखा. पुढें जगद्विख्यात झालेला लीबिख तरुणपणीं त्याच्या हाताखालीं काम करीत होता. एखादा प्रयोग साधला कीं गुरु-शिष्य आनंदानें प्रयोगशाळेंत नाचत, अशी आठवण लीबिखनें सांगितली आहे.

उत्तर वयांत त्याला मान मिळाला. १८३१ मध्यें तो लोकप्रतिनिधि म्हणून निवडून आला, १८३९ मध्यें सरदारांच्या सभेंत त्याला स्थान मिळालें. परंतु तो मूळचा मितभाषी व कामाचा माणूस. त्याचें मन प्रयोगशाळेंतच रमे. आयुष्याच्या शेवटीं त्यानें रसायनशास्त्राच्या तत्त्वांवर एक ग्रंथ लिहावयास घेतला होता. तो पुरा होणार नाहीं हें दिसतांच त्यानें मुलाला सांगून हस्तलिखित जाळविलें. अर्धें माप जगाला द्यावयाचें नाहीं, हा त्याचा बाणा शेवटपर्यंत टिकला. ९ मे १८५० रोजीं पॅरिस येथें त्याचें देहावसान झालें. आयफेल मनोऱ्यावर ज्या बहात्तर शास्त्रज्ञांचीं व कारागिरांचीं नांवें कोरलीं आहेत, त्यांत त्याचेंही आहे.

पालकांपैकीं कोणास शंका येईल कीं, दारूचें माप करणाऱ्याचें चरित्र मिशनच्या शाळेंतील मुलांपुढें कशासाठीं? ह्याचें उत्तर देणें अवश्य आहे. मद्यार्क हा एकट्या मद्यप्याचा पदार्थ नव्हे. औषधें, अर्क, जखम धुण्याचें द्रावण, प्रयोगशाळेंतील दिवा, ह्या सर्वांत तो लागतो. महाराष्ट्रांतील साखर कारखान्यांत ऊंस गाळल्यावर उरणाऱ्या मळीपासून तो निघतो, आणि आज पेट्रोलमध्येंही मिसळला जातो. तेथें मापावांचून पाऊल पुढें पडत नाहीं.

आणि जेथें तो खरोखर पिण्यासाठीं गाळला जातो तेथें माप नसल्यानें काय होतें, हें आपल्याकडील खेडोपाडीं लोकांस ठाऊक आहे. हातभट्टीवाला ‘पहिल्या धारेची’ म्हणून जी देतो तिच्यांत मद्यार्क किती, हें त्याला स्वतःलाही माहीत नसतें. काडी लावली, निळी ज्योत दिसली, कीं माल चांगला, अशी परीक्षा! इंग्लंडांतही पूर्वीं बंदुकीची दारू भिजवून ती पेटते कीं नाहीं हें पाहत. त्यावरूनच ‘प्रूफ’ हा शब्द आला. आपल्या देशांत परवानगीनें विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवर जो ४२.८ टक्के हा चमत्कारिक आंकडा छापलेला आढळतो, तो ह्या इंग्रजी ‘प्रूफ’च्या पाऊणपट होय, मात्र त्यापुढील टक्क्यांची भाषा गे-ल्युसॅकची आहे.

येथें आणखी एक गोष्ट मुलांनीं पक्की ध्यानांत ठेवावी. कांटा मद्यार्क किती हें सांगतो. मद्यार्क कोणता हें सांगत नाहीं. मिथिल मद्यार्क हें जालीम विष आहे, परंतु त्याचें विशिष्ट गुरुत्व साध्या मद्यार्काइतकेंच असल्यामुळें कांटा दोहोंत भेद करूं शकत नाहीं. जून २०१५ मध्यें मुंबईच्या मालवणी भागांत अशा विषारी दारूनें शंभरांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. त्यांच्या घरांत आपल्यासारखींच शाळेंत जाणारीं मुलें होतीं. महाराष्ट्रांत परवान्यावांचून दारू गाळणें हा १९४९ च्या कायद्याप्रमाणें गुन्हा आहे, आणि त्या कायद्यामागें अशींच उद्ध्वस्त घरें उभीं आहेत. तेव्हां हा हिशोब वहींत करावा, वर्गांत करावा. हंड्यांत करूं नये.

विद्यार्थिमित्रहो, पवित्र शास्त्रांतील नीतिसूत्रांमध्यें खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट येतो व खरें वजन त्याला आवडतें, अशी शिकवण आहे. तराजू केवळ वाण्याच्या दुकानांत नसतो. प्रयोगाच्या वहींत अपेक्षित उत्तर येईना म्हणून आंकडा बदलणारा विद्यार्थी खोटा तराजू धरतो. मित्रानें सोडविलेलें गणित आपलें म्हणून दाखविणाराही तोच तराजू धरतो. गे-ल्युसॅकनें गुरूच्या मताविरुद्ध गेलेले आंकडे गुरूपुढें ठेविले, शार्लचें श्रेय शार्लला दिलें, आणि पाणी व मद्यार्क ह्यांची बेरीज जुळत नाहीं असें दिसतांच ती जुळवून न घेतां प्रत्येक मिश्रण मोजलें. ज्या कांट्यानें व्यापारी व सरकार ह्यांचा वाद मिटविला, त्याची पहिली खूण त्याच्या अंतःकरणांत होती. तुमच्या प्रयोगाच्या वहींत पुढल्या वेळीं नकोसा आंकडा आला, तर तो खोडूं नका. तसाच लिहा, खालीं तारीख घाला, आणि तो कां आला ह्याचा शोध करा.